मदत हवी आहे: पेरूत भूकंप आहेत, मग ज्वालामुखी कुठे गेले?

नमस्कार मंडळी,

पॅसिफिकभोवतीच्या अग्निकंकणाचा (भूकंप-ज्वालामुखींच्या पट्ट्याचा) नकाशा समोर घेऊन बसलोय आणि एका जागी अडकलोय.

मला समजलंय ते असं. महासागरी प्लेट दुसऱ्या प्लेटखाली घुसते आणि तिथे समुद्रात खोल गर्ता तयार होते. खाली जाणारी प्लेट साधारण १०० किमी खोलीवर पोचेपर्यंत तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, त्यामुळे वरच्या प्रावरणातला खडक कमी तापमानालाच वितळू लागतो. म्हणून ज्वालामुखींची रांग गर्तेला चिकटून नसते, थोडी आत असते. जपान, अल्यूशियन बेटं, दक्षिण चिली, सगळीकडे हे जुळतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाचंही कळलं: तिथे प्लेट्स एकमेकींना घासत सरकतात, खाली कोणीच जात नाही, म्हणून नुसते भूकंप.

पण उत्तर आणि मध्य पेरू? पॅसिफिकच्या तळाची नाझ्का प्लेट तिथेही दक्षिण अमेरिकेखाली जातेच. १९७०च्या भूकंपात वास्कारान शिखराचा कडा कोसळून युंगाय गाव गाडलं गेलं, हे वाचून अजून अस्वस्थ होतं. तरी तिथे जागृत ज्वालामुखी एकही नाही. दक्षिण पेरूत मात्र मिस्ती आहे, सबान्काया आहे.

कारण म्हणून "तिथे प्लेट जवळजवळ आडवी सरकते" एवढंच वाचायला मिळालं. मग आडव्या प्लेटमधून पाणी सुटत नाही, की वर वितळायला गरम प्रावरणच उरत नाही? आणि ती आडवी होण्यात नाझ्का कटकाचा (त्या प्लेटवरच्या समुद्राखालच्या डोंगररांगेचा) हात किती?

कोणी दोन्ही भागांचे उभे छेद काढून समजावलं तर फार उपकार होतील.