अ‍ॅडव्होकसीला मराठीत काय म्हणता? फ्लेक्स अडकलाय

शालिमारचा डीटीपीवाला

मंडळी, माझं नाशकात शालिमारजवळ डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. काल संध्याकाळी नर्सिंगच्या तीन पोरी आणि एक पोरगा ड्युटी सुटल्यावर युनिफॉर्मवरच आले, चार बाय सहाचा फ्लेक्स पाहिजे म्हणाले. वर इंग्रजी मजकूर 'लेजिस्लेटिव्ह अ‍ॅडव्होकसी वर्कशॉप' आणि खाली मराठी पण पाहिजे कारण पालक येणारेत. मराठी त्यांनी मोबाईलवरून करून आणलेलं, 'परिचारिकांसाठी विधायक वकिली कार्यशाळा'. म्हटलं पोरांनो हे वाचून तुमच्या आईबापांना वाटेल नर्सिंग सोडून एलएलबीला चाललात.

एक तर 'विधायक' इथं चालतच नाही. हिंदीत विधायक म्हणजे आमदार, आपल्याकडं विधायक म्हणजे काहीतरी चांगलं घडवणारं, विधायक कार्य वगैरे. तो शब्द मी उडवला, पण 'वकिली'च्या जागी काय टाकायचं ते सुचेना.

विषय त्यांनी सांगितला तो असा. अमेरिकेत नर्सिंगचे विद्यार्थी ठरलेल्या दिवशी घोळक्यानं आपल्या राज्याच्या विधिमंडळात जातात, तिथल्या आमदाराला नाहीतर त्याच्या ऑफिसातल्या माणसाला भेटतात आणि एखाद्या विधेयकावर वॉर्डात जे बघितलंय ते थोडक्यात सांगून येतात. कॅलिफोर्नियात एका नर्सकडं जास्तीत जास्त किती पेशंट द्यायचे हे कायद्यानंच बांधून दिलंय, कायदा १९९९ चा, आकडे लागू झाले २००४ पासून, आयसीयूत एका नर्सला दोनच पेशंट. हे नर्सेसनी मागं लागून करून घेतलं. आपल्याकडं पण दवाखाने हा राज्याचा विषय, म्हणजे बोलायचं तर मुंबई-नागपूरलाच बोलायला लागणार. तर या सगळ्या खटाटोपाला एक मराठी शब्द द्या, उद्या दुपारी प्रिंटला टाकायचंय.

मखमलाबादकर

लॉबिंग. सगळ्यांना कळतं.

शालिमारचा डीटीपीवाला

कळतं म्हणूनच नको दादा. साखर लॉबी, बिल्डर लॉबी, आणि आपल्या जिल्ह्यात तर कांद्याची लॉबी म्हटलं की लासलगावचा शेतकरी काय बोलतो ते इथं लिहिता येणार नाही. शिवाय या पोरांना लॉबी म्हणजे दवाखान्यातली, जिथं नातेवाईक रात्री चादर टाकून झोपतात ती.

संस्थावाली ताई

आमच्या क्षेत्रात 'जनवकिली' म्हणतात, रुळलेला शब्द आहे. काही जण हिंदीवरून 'पैरवी' पण वापरतात. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांमध्ये दोन्ही सापडतील.

गोदाकाठ

ताई राग मानू नका पण जनवकिली हा शब्द पुस्तिकेतच राहतो, मी आजपर्यंत एकाही माणसाला 'काल जरा जनवकिली करून आलो' असं म्हणताना ऐकलेलं नाही. प्रकल्प अहवालाचा वास येतो त्याला.

संस्थावाली ताई

रागाचं काही नाही, खरंय ते 😄 आम्ही पण आपापसात 'पाठपुरावा चालूये' असंच म्हणतो.

चांदोरीचा

वकिलीला एवढं हिणवू नका हो. वकील शब्द अरबीतून आला आणि कोर्ट-कचेरीच्या आधी त्याचा अर्थ दुसऱ्याच्या वतीनं बोलायला नेमलेला माणूस असाच होता. पेशवाईत वकील म्हणजे परक्या दरबारात राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा, तिथल्या खबरा कळवणारा. आमच्या गावचे हिंगणे, त्यांचं घराणं मूळ नाशिकचं, ते पेशव्यांचे दिल्ली दरबारातले वकील होते. काळा कोट घालून नव्हते गेले. म्हणजे अर्थानं बघितलं तर मोबाईलनं दिलेलं 'वकिली' बरोबरच आहे, फक्त दोनशे-अडीचशे वर्षं उशिरा आलंय.

शालिमारचा डीटीपीवाला

हे मला माहीतच नव्हतं, भारी. पण फ्लेक्सवर एवढा इतिहास कुठं मावणार, पालकांना काळा कोटच दिसणार.

निवृत्त सिस्टर

मी चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत म्हणून बोलते. आमच्या वेळी यासाठी शब्द होता 'रदबदली'. मेट्रन बाईंकडं कुणाच्या रजेसाठी रदबदली करायची, डॉक्टरांकडं पेशंटसाठी करायची. आता तुमच्या पिढीत कुणी वापरत नाही. रदबदलीत आपण दुसऱ्यासाठी बोलतो हे आपोआप येतं, पण तिच्यात थोडी गयावया पण आहे, मोठ्यासमोर हात जोडून उभं राहिल्यासारखं, म्हणून या मुलांसाठी मी पण नको म्हणेन. आणि वशिला तर अजिबातच नको.

तरी मूळ काम तेच आहे बरं का. रात्री दोन वाजता आजोबा कण्हत असतात, नातू बाहेर झोपलेला, आजोबांना नीट सांगता येत नाही, आणि सिस्टर फोन करून म्हणते सर पेशंटला दुखणं सहन होत नाहीये, एकदा येऊन बघता का. सर वैतागतात. परत फोन करायचा. नर्सिंगच्या पुस्तकात यालाच पेशंटचं अ‍ॅडव्होकेट होणं म्हणतात. आमदाराकडं जाणं म्हणजे हाच फोन जरा लांबचा.

अजून एक, तुम्ही 'परिचारिकांसाठी' लिहिलंय आणि फ्लेक्स सांगायला एक मुलगा पण आला होता म्हणता. त्याचं काय? परिचारक लिहाल तर घोटाळा होईल, कारण जिल्हा परिषदेत 'परिचर' म्हणजे शिपाई. वॉर्डात त्याला ब्रदर म्हणतात पण 'ब्रदर कार्यशाळा' काय चांगलं दिसणार नाही. 'परिचर्या' घ्या, आपल्या कौन्सिलचं मराठी नावच महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. कायदा मात्र १९६६ चा 'परिचारिका अधिनियम', त्यात ब्रदर दिसत नाही.

थर्ड इयर

काका मी त्या तिघींतलीच एक 🙏 सिस्टर तुम्ही जे फोनचं लिहिलंय ते आमच्या मॅडमनी वर्गात अगदी असंच सांगितलं होतं. ब्रदरला दाखवलं, तो म्हणतो परिचर्या चालेल पण उच्चार करताना लोक परीक्षा ऐकतात.

खरं सांगायचं तर आमच्यात पण भांडण चालूये की आपण नक्की कशासाठी चाललोय. अर्धे म्हणतात स्टायपेंड वाढवून मागू, हॉस्टेलचं बोलू. अर्धे म्हणतात ते आपलं झालं, पेशंटचं काय. आणि आम्हाला अधिवेशनातले शब्दच कळत नाहीत. माझी मैत्रीण म्हणाली 'बिल पास करून घ्यायचंय', तिची आई म्हणाली कुणाचं, कॅशलेसचं का?

जुना पीए

विधेयक म्हण बाई, बिल दवाखान्यात राहू दे 😄 मी काही वर्षं एका आमदारांकडं पीए होतो, तेव्हा दोन शब्द माझ्याकडून.

'लक्षवेधी' म्हणजे रंगीत काहीतरी नव्हे. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर सदस्य मंत्र्यांचं लक्ष वेधतो आणि मंत्र्यांना सभागृहात निवेदन करावं लागतं, ती लक्षवेधी सूचना. 'तारांकित' प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, हॉटेलाशी संबंध नाही. अतारांकितचं उत्तर लेखी येतं. 'अशासकीय विधेयक' म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं, याला लोक एनजीओचं विधेयक समजतात. सभागृह दोन, विधानसभा २८८ ची आणि विधान परिषद ७८ ची, आणि परिषदेत नाशिक विभागाची शिक्षक आणि पदवीधर अशी दोन माणसं असतात त्यांना कुणी विद्यार्थी भेटायलाच जात नाही, सगळे आपल्या मतदारसंघातल्या आमदाराच्या मागं.

आता 'निवेदन'. वर मंत्र्यांचं निवेदन म्हटलं ते वेगळं आणि तुम्ही देता ते वेगळं, शब्द एकच. पेपरात फोटो येतो ना, दहा जण एक कागद धरून उभे, खाली 'निवेदन देताना विद्यार्थी', ते तुमचं. त्या कागदाचं पुढं काय होतं ते मी बघितलंय. ज्यात पंधरा मागण्या असतात तो फायलीला लागतो. ज्यात एकच मागणी असते आणि एक प्रसंग असतो, अमुक वॉर्डात रात्रपाळीला इतके पेशंट आणि नर्स एक, तो कागद साहेब गाडीत वाचतात. आणि पोच घ्या. इनवर्ड नंबर नसेल तर तुम्ही आलाच नव्हता. हे सगळं अधिवेशनाच्या बरंच आधी करायचं, हिवाळी अधिवेशनाला डिसेंबरात नागपूरला जाऊन उभं राहिलात तर गर्दीत फक्त सेल्फी मिळेल.

आणि 'शिष्टमंडळ' लिहायचं असेल तर लिहा पण आमच्या मुलीला ते 'शिष्ट मुलींचं मंडळ' वाटायचं.

गोदाकाठ

थर्ड इयरच्या भांडणातच उत्तर आहे असं वाटतं. स्वतःसाठी मागायचं ती 'मागणी'. स्टायपेंडची मागणी, बरोबर शब्द, त्यात लाज नाही. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं तिथं मागणी तोकडी पडते. पाठपुरावा पण अर्धाच, कारण पाठपुरावा स्वतःच्या रेशनकार्डाचा पण होतो.

'प्रश्न लावून धरणे' कसं वाटतं? आमदारांनी पाण्याचा प्रश्न लावून धरला असं आपण रोज म्हणतो. त्यात बाजू घेणं आलं, चिकाटी आली, आणि कुणासमोर वाकणं नाही.

मखमलाबादकर

लॉबिंग मागे घेतो. हे चांगलंय.

चांदोरीचा

पण हे क्रियापद आहे, नाम कसं करणार? 'लावून-धरणी कार्यशाळा'?

शालिमारचा डीटीपीवाला

नामच कशाला पाहिजे. इंग्रजीला सगळ्याचं नाम करायची सवय, आपण सरळ वाक्य लिहू. वर मोठ्या अक्षरात 'पेशंटचा प्रश्न लावून धरूया', खाली 'परिचर्या विद्यार्थ्यांसाठी विधिमंडळ कामकाजाची ओळख'. अ‍ॅडव्होकसी इंग्रजीच्या ओळीत आहेच. थर्ड इयर, चालेल का सांग, उद्या मशीनवर घेतो. आणि त्या ब्रदरला सांग परिचर्याचा र्य मी जाड करतो, परीक्षा वाचणार नाही कुणी.

थर्ड इयर

चालेल काका, मॅडमना पण आवडलं. मावशींना वाचून दाखवलं, आमच्या वॉर्डातल्या, त्या म्हणाल्या लावून धरायचं म्हणजे सलाईन का गं. कारण स्टँड कमी पडला की सलाईन लावून बाटली हातात धरून आम्हीच उभ्या असतो, परवा मी पाऊण तास होते, हात भरून आला तर दुसऱ्या हातात घेतली. ब्रदर म्हणतोय निवेदनात दुसरं काही लिहायलाच नको, स्टँडचंच लिहू.

जुना पीए

तेच लिहा. आणि पोच घ्या.