अनुभव धागा: बुकिंगचे पैसे भरले आणि कंपनीच बंद पडली

जळगावहून, धागा सुरू करताना

आमच्या ओट्यावर बिजागऱ्यांचं एक पाकीट पडून आहे. चोवीस नग, सील न फोडलेलं. दीड वर्षापूर्वी एका नव्या कंपनीला मॉड्युलर किचनसाठी १,८०,००० रुपये आगाऊ दिले. पोरं इथलीच, हुशार. त्यांनी केलेली दोन किचनं मी स्वतः जाऊन पाहिली होती. कपाटांचे खोके बसले, बिजागऱ्या आल्या, शटर म्हणजे कपाटांची दारं काही आली नाहीत. एक दिवस शोरूमला कुलूप.

त्यांनी ठरवून लुबाडलं असं मला आजही वाटत नाही. धंदा बसला. फसवणुकीवर सगळे बोलतात, पण सरळ माणसाचा नवा धंदा बुडतो तेव्हा आपल्या आगाऊ रकमेचं काय होतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून विचारतोय. कंपनीचं नाव नको, घडलं ते सविस्तर लिहा.

धुळ्याहून

दादा, मी काउंटरच्या पलीकडचा आहे. माझी फर्निचरची कंपनी होती, बंद करून दोन वर्षं झाली.

आत काय चालतं ते सांगतो. तुम्ही निम्मे पैसे भरता तेव्हा तुम्हाला वाटतं त्यातून तुमचं प्लायवूड येईल. आमच्याकडे ते पैसे आधीच्या गिऱ्हाइकाच्या लॅमिनेटला, कारागिरांच्या पगाराला, गाळ्याच्या भाड्याला जायचे. तुमचं काम पुढच्या बुकिंगमधून. बुकिंग वाढत राहिलं तर कुणालाच काही कळत नाही, मालकालाही नाही. मला खरंच वाटायचं की धंदा फायद्यात आहे, कारण खात्यात पैसे दिसायचे. पितृपक्षात बुकिंग थांबलं आणि तीन आठवड्यांत सगळं ठप्प. अकरा घरांची कामं अर्धवट होती. गाडी विकून सात जणांचे फेडले. उरलेल्या चौघांना अजून महिन्याला थोडे थोडे देतोय.

शेवटच्या दोन महिन्यांत मी 'पूर्ण रक्कम आधी भरा, २० टक्के सूट' अशी जाहिरात केली होती. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त पगाराची तारीख होती. कुणी अशी सूट देत असेल तर पैसे भरू नका, हे मी हात जोडून सांगतो. आणि एक करा. प्लाय, हार्डवेअर यांचे पैसे थेट दुकानदाराला द्या, बिल तुमच्या नावावर घ्या, माल तुमच्या घरी उतरवा. आम्हाला फक्त मजुरी, तीही काम होईल तशी. खरा कारागीर याला नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मला सीएकडून फार उशिरा कळली. कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत त्या मालाच्या पुरवठ्यात वळती झाली नाही, तर २०१४ च्या नियमांप्रमाणे साधारणपणे ती ठेव धरली जाते. अशी ठेव घ्यायची मुभा आम्हाला नव्हतीच.

चोपड्याहून

आमचं केळीचं. मृगबागेसाठी, म्हणजे जूनच्या लागवडीसाठी, फेब्रुवारीत तीन एकराची टिश्यू कल्चर (लॅबमध्ये बाटल्यांत वाढवलेली) रोपं बुक केली, ५,२०० रोपं, रोपामागे ५ रुपये आगाऊ, म्हणजे २६,००० रुपये. लॅब नवीन होती, दर दोन रुपयांनी कमी. जूनमध्ये रान तयार, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, आणि फोनवर 'आठ दिवस थांबा'. असे तीन वेळा आठ दिवस. मग कळलं की लॅबमध्ये बुरशी शिरून बाटल्यांची अख्खी खेप गेली. तोवर दुसरीकडची रोपं लोकांनी उचललेली. कांदेबागेपर्यंत, म्हणजे केळीच्या पुढच्या लागवडीच्या हंगामापर्यंत, रान तसंच राहिलं. अप्पा एवढंच बोलले, 'पैसा गया ते गया, हंगाम बी गया.'

पावती कच्ची होती, तारीखसुद्धा नव्हती, म्हणून आम्ही गप्प बसलो. नंतर एका वकिलाने सांगितलं की शेतकरीही ग्राहक असतो, बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तसं म्हटलंय. आता बुकिंग दोन ठिकाणी विभागून करतो. पुढचा हप्ता द्यायच्या आधी शेडनेटमध्ये जाऊन ट्रेमधली रोपं डोळ्यांनी पाहतो, पानं मोजतो.

भुसावळहून

मुलाच्या ऑनलाइन क्लासची फी 'मासिक हप्त्याने' भरा म्हणाले. फोनवर आलेला ओटीपी सांगितला आणि कर्ज झालं, ते वेगळ्याच फायनान्स कंपनीचं. क्लास बंद पडला, ॲप उघडत नाही, हप्ता मात्र दर पाच तारखेला कापला जातो. ओटीपीआधी एवढंच विचारा, पैसे घेतंय कोण?

नंदुरबारहून

मला पैसे मिळाले, सगळे नाही. गच्चीवरच्या ३ किलोवॅट सोलरसाठी पुण्याच्या एका नव्या फर्मला ६०,००० रुपये भरले. माणूस म्हणाला, ७८,००० ची सबसिडी आम्ही बिलातूनच वजा करतो. तिथेच थांबायला हवं होतं, कारण ती सबसिडी यंत्रणा सुरू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येते. लोखंडी सांगाडा उभा राहिला, पॅनल आले नाहीत.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, नुसती आश्वासनं मिळाली. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, पुण्याला जावं लागलं नाही. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. जीएसटी क्रमांक ऑनलाइन तपासला तर फर्म एकाच माणसाच्या नावावर निघाली, म्हणजे देणं थेट त्याच्यावर. नोटीस गेल्यावर तो स्वतः आला. तडजोडीत ४५,००० ठरले, तीन चेक. तिसरा गेल्या महिन्यात वटला.

माझ्या नणंदेने पैसे भरले ती कंपनी प्रायव्हेट लिमिटेड होती. ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, त्यामुळे आयोगातली केसही थांबली. तिने मुदतीत दावा नोंदवला, पण तारण असलेली बँक आणि कामगार आधी, ती बरीच मागे. पैसे भरण्यापूर्वी, फर्म एका माणसाची की प्रायव्हेट लिमिटेड, हे दोन मिनिटांत बघता आलं असतं, याचं तिला फार वाईट वाटतं.

जळगावहून, पुन्हा

ताई, दोन वर्षांची मुदत माहीतच नव्हती. माझे सहा महिने उरलेत. तुमचं वाचून ते पाकीट उलटून पाहिलं. मागे डिलिव्हरी चलन चिकटवलेलं आहे, माझं नाव आणि तारखेसकट. फोटो काढून ठेवला, सोमवारी कागद घेऊन जातोय.