मदत हवी आहे: पी. बी. श्रीनिवास यांची जुनी कन्नड गाणी

नमस्कार मंडळी, बाबा बेळगावात वाढले, कानडी गाण्यांचं वेड तिथलंच, अजूनही दाढी करताना पी. बी. श्रीनिवास गुणगुणतात आणि मधेच रेझर तसाच धरून डोळे मिटून उभे राहतात. पीबीएस मूळचे काकिनाडाचे, जन्म १९३० चा, पण कन्नड सिनेमाचे हिरो डॉ. राजकुमारांचा पडद्यावरचा गाण्यांचा आवाज म्हणजे तेच! १९७४ च्या 'संपत्तिगे सवाल' या पिक्चरपासून राजकुमार स्वतःच गायला लागले, ते बाबांना अजून लागतं. २०१३ ला पीबीएस गेले तेव्हा बाबा जेवले नव्हते.

त्यांच्या पंचाहत्तरीला गाण्यांचा पेनड्राइव्ह द्यायचाय, पण मला कानडी वाचता येत नाही आणि ऑनलाइन शोधलं की रिमिक्सच येतात. साठच्या दशकातली ओरिजिनल पंधरा-वीस गाणी कोणी पिक्चरच्या नावासकट देवनागरीत लिहून द्याल का प्लीज?