घरातल्या कुंड्यांना खत: किती पातळ, किती वेळा? (अनुभव धागा)

मागच्या पावसाळ्यात माझ्या पीस लिलीच्या पानांची टोकं करपली. भूक असेल म्हणून खत वाढवलं, तर आणखी करपली. कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर दिसला तेव्हा कळलं, ही उपासमार नव्हे, अजीर्ण. तुमचे अनुभव मात्रेसकट लिहा. 'थोडंसं टाकलं' एवढ्यावर दुसऱ्याला काही करता येत नाही.

पुणे
माहेरी निफाडला द्राक्षबाग. तिथलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) पाव किलो फ्लॅटवर आणलं. बाबांचं प्रमाण तोंडपाठ होतं: १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. तेच दर आठवड्याला मनीप्लँटला घालत गेले. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी, नवी पानं सुरकुतलेली. बाबा फोनवर म्हणाले, "अगं, ती फवारणीची मात्रा. पानावर धुक्यासारखी बसते. तू मुळाशी ओतलीस. आणि बागेत जास्तीचं जमिनीत खोल झिरपतं, तुझ्या कुंडीतलं जाईल कुठं?" हे शेवटचं वाक्य मी विसरत नाही. आता १० लिटरच्या बादलीत एक चमचा, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. तेही महिन्यातून एकदा, आणि माती आधी साध्या पाण्याने ओली करूनच. कोरड्या मातीत खताचं पाणी मुळांना भाजतं.

कोल्हापूर
वरच्या ताईंसारखंच झालं असेल तर कुंडी धुवून घ्या. ६ इंची कुंडीत साधारण २ लिटर माती मावते. मी न्हाणीघरात ठेवून ४-५ लिटर साधं पाणी हळूहळू ओततो, खालून पूर्ण निथळू देतो. त्याआधी वरचा पांढरा थर चमच्याने खरवडून टाकतो. बशीत साचलेलं पाणी ओतून द्यायचं, नाहीतर क्षार परत वर चढतात. मग महिनाभर खत नाही. करपलेलं टोक हिरवं होत नाही, नव्या पानावर लक्ष ठेवा.

डोंबिवली
शेंगदाणा पेंड ४ दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून दिली. झाडाला मानवली, घराला नाही. वास आणि चिलटं! आता ती फक्त गच्चीवरच्या गुलाबांना. आतल्या कुंड्यांना मूठभर गांडूळखत, दोन-तीन महिन्यांनी.

नागपूर
स्नेक प्लँट, झीझी. वर्षातून दोनदा गांडूळखत, बस. अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड वाढतच सावकाश, ते खाणार किती?

टोरांटो
इथे डिसेंबरात दिवस जेमतेम ९ तासांचा. पहिल्या वर्षी ठाण्याच्या सवयीने बारा महिने खत घातलं. उजेड नाही, म्हणून वाढ नाही. हीटरने माती सुकते, पाणी उडून जातं, खत मागे राहतं. जानेवारीत अरेका पामच्या झावळ्या टोकाकडून वाळत गेल्या. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत पूर्ण बंद. मार्चमध्ये नवा कोंब दिसला की पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात, एप्रिलपासून निम्म्याने.

छत्रपती संभाजीनगर
पाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर लिटरला ८०० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात लिटरला १ ग्रॅम खत म्हणजे हिशेबाने आणखी हजाराची भर. त्यात मी आरओच्या नळीतून बाहेर सोडलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालत होते. ते तर बोअरपेक्षाही खारं! गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात जातात. खत निम्मं करूनही टोकं करपत होती ती यामुळे. आता पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात भरून ठेवते आणि खत त्यातच कालवते.

धागाकर्ती
ताई, माझी पीस लिली तीन वर्षं त्याच नळीच्या पाण्यावर आहे. खत कमी केलं, पण पाण्याकडे बघितलंच नव्हतं. आजपासून ते पाणी फरशी पुसायला. कोल्हापूरच्या दादांच्या पद्धतीने संध्याकाळी कुंडी धुते, नवं पान आलं की इथेच लिहीन.