मदत हवी आहे: आईला वाचून दाखवायला आत्मचरित्र सुचवा

आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वर्षभर रोज संध्याकाळी मी तिला मोठ्याने वाचून दाखवते. सगळ्यांत रमलो ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. त्यांचं माहेर आपल्या नाशिकजवळचं जलालपूर, त्यामुळे आईला ते घरचंच वाटलं. पण खरी गंमत भाषेची आहे. समोर बसून कोणी बोलतंय असंच वाटतं, वाचताना जीभ कुठे अडत नाही, आणि एवढं दुःख सांगतानाही बाई हसवतात!

त्यानंतर ‘आहे मनोहर तरी’ आवडलं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ही झालं, दोन्ही फार मोलाची. ‘सांगत्ये ऐका’ घरात आहे, ते पुढचं. ऐतिहासिक कादंबऱ्या आईला नकोत. ऑडिओबुकही करून पाहिलं, पण मध्येच थांबून बोलता येत नाही म्हणून तिला रुचलं नाही.

सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व आहे, त्यामुळे जुनं, छपाईत नसलेलं पुस्तकही चालेल. अनुवाद नको, मूळ मराठीच हवं. प्रकरणं छोटी असली तर उत्तम.

बोलीचा असा गोडवा असलेलं, स्त्रीने लिहिलेलं आणखी कोणतं आत्मचरित्र तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून पाहिलं आहे?