पहिल्या मराठी चित्रपटासाठी फ्रेंच सहनिर्माती: सही करण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

प्रश्न: किनारपट्टी

आम्ही दोघी मैत्रिणी मिळून एक छोटी निर्मितीसंस्था चालवतो. आजवर लघुपट केले. आता पहिला पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट हाती घेतला आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या एका कुटुंबाची ही गोष्ट आहे. बजेट सुमारे ३ कोटी रुपये असून त्यातील एक कोटीची सोय झाली आहे.

गोव्यात ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या फिल्म बाजारमध्ये आमची एका फ्रेंच निर्मातीशी ओळख झाली. ती आमच्याच वयाची आहे, तिच्या नावावर एक चित्रपट आहे आणि तिने संहिता खरोखर वाचलेली होती, हे तिच्या प्रश्नांवरून लगेच कळले. आता तिने दोन पानी करारपत्र पाठवले आहे. सीएनसी या फ्रान्सच्या सरकारी चित्रपट संस्थेकडे ती निधीसाठी अर्ज करणार. त्या बदल्यात तिला चित्रपटात ३० टक्के वाटा, युरोपातील सर्व हक्क आणि १८ महिने एकमेव परदेशी सहनिर्माती म्हणून राहण्याची हमी हवी आहे. शिवाय साउंड मिक्सिंग (सर्व आवाजांची जुळणी) आणि कलर ग्रेडिंग (रंगांची जुळणी) फ्रान्समध्येच व्हावे, अशी अट आहे.

या मागण्या रास्त आहेत का? दोन्ही देशांच्या सरकारी कराराखालील अधिकृत सहनिर्मितीच करावी लागते का? आमचे हितचिंतक ‘परदेशी पैसा येतोय तर सोडू नका’ एवढेच सांगतात, म्हणून हे काम प्रत्यक्ष केलेल्यांचे मत हवे आहे.

उत्तर: ताळेबंद

मिक्सिंग आणि ग्रेडिंग फ्रान्समध्ये करण्याची अट हा तिचा लोभ नाही, हे आधी लक्षात घ्यावे. ज्या निधीसाठी ती अर्ज करू पाहते आहे तो बहुधा ‘एद ओ सिनेमा द्यु मोंद’ असावा. २०१२ साली सुरू झालेली ही योजना सीएनसी आणि फ्रेंच इन्स्टिट्यूट मिळून चालवतात. अर्ज फ्रेंच कंपनीनेच करावा लागतो आणि मिळालेल्या रकमेचा मोठा भाग फ्रान्समध्ये खर्च व्हावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे चित्रीकरण मालवणात होणाऱ्या चित्रपटात फ्रेंच पैसा खर्च करण्याची जागा उरते ती चित्रीकरणानंतरच्या कामांतच, फार तर एखाद्या फ्रेंच ध्वनिमुद्रकाला किंवा छायाचित्रकाराला चित्रीकरणावर बोलावण्यात.

अडचण अटीत नसून हिशेबात आहे आणि तो बहुतेक जण मांडतच नाहीत. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. समजा तिने १ लाख युरो, म्हणजे एक कोटी रुपये आणले आणि त्यातले ६० हजार युरो पॅरिसमधील मिक्सिंग, ग्रेडिंग आणि तिथल्या माणसांच्या मानधनावर गेले. हेच काम मुंबईत तुम्ही २० लाखांत केले असते असे धरले, तर तुमचे बजेट ३ कोटींवरून ३ कोटी ४० लाखांवर जाते. त्यात तिचा एक कोटी म्हणजे जवळजवळ २९ टक्के. कागदावर तिची ३० टक्क्यांची मागणी अगदी बरोबर दिसते. पण तुम्हाला उभारायची रक्कम ३ कोटींवरून २ कोटी ४० लाखांवर आली, म्हणजे तुमचा भार प्रत्यक्षात ६० लाखांनीच हलका झाला. मूळ बजेटच्या तो २० टक्के होतो. वाटाघाटी करायच्या त्या या २० आणि ३० टक्क्यांच्या मधल्या जागेत.

याचा अर्थ पॅरिसचे मिक्सिंग वाया जाते असे मुळीच नाही. तिथला अनुभवी मिक्सर तुमच्या समुद्राचे काय करील, याचे मोल वरच्या हिशेबात येत नाही आणि तुमच्या चित्रपटाला आवाजाची किती गरज आहे हे दिग्दर्शकालाच ठाऊक. रापणीची दोरी ओढताना घातलेल्या हाळ्या आणि लाटांचा आवाज हेच जर चित्रपटाचे अर्धे अंग असेल, तर तो पैसा सत्कारणी लागला. निर्णय मात्र दिग्दर्शकाने घ्यावा, निधीच्या नियमाने नव्हे. म्हणून आधी कोणते काम कोणत्या देशात आणि का होणार याचा आराखडा लिहून काढा. टक्केवारीचे बोलणे त्यानंतर.

उत्तर: तह_आणि_कलमे

अधिकृत सहनिर्मितीविषयी थोडे. फ्रान्सशी आपला पहिला करार १९८५ चा आहे. पुढे इटली, ब्रिटन, जर्मनी, ब्राझील, न्यूझीलंड, कॅनडा अशा अनेक देशांशी करार झाले. अशा कराराखाली मान्यता मिळाली की चित्रपट दोन्ही देशांत ‘आपला’ मानला जातो आणि दोन्हीकडच्या सवलतींस पात्र ठरू शकतो. किमान आर्थिक वाटा किती असावा हे करारागणिक ठरते. जर्मनीशी २००७ साली झालेल्या करारात तो २० टक्के आहे. आपल्याकडे अर्ज एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) इंडिया सिने हबमार्फत, म्हणजे पूर्वीच्या फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसमार्फत, माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जातो आणि समोरच्या देशातही तशीच मान्यता लागते. परदेशी सहनिर्माता असला म्हणजे हे सगळे करावेच लागते असे नाही. कराराबाहेर, निव्वळ दोन कंपन्यांच्या आपसातील करारावरही सहनिर्मिती होते.

आपल्या सरकारने २०२२ च्या मे महिन्यात फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात अधिकृत सहनिर्मितीसाठी भारतातील पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत, कमाल २ कोटी रुपये परतावा जाहीर केला होता. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात तो ४० टक्क्यांवर आणि कमाल मर्यादा ३० कोटींवर नेली. लक्षणीय भारतीय आशय असल्यास आणखी ५ टक्के. आकडे डोळ्यांत भरतात, पण परतावा म्हणजे खर्च करून, हिशेब तपासून घेऊन मग मिळणारी रक्कम. चित्रीकरणाच्या वेळी ती तिजोरीत नसते. तोवर पदरचे कोण घालणार याचे उत्तर नसेल, तर ती रक्कम बजेटच्या जमेच्या बाजूला लिहू नये. पात्रतेच्या अटीही चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचनांत मुळातून वाचाव्यात, कारण लहान चित्रपट बहुधा तिथेच अडखळतात.

ताजे उदाहरण पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’चे. मुंबई आणि रत्नागिरीत चित्रित झालेल्या या चित्रपटाला भारत-फ्रान्स कराराखाली अधिकृत सहनिर्मितीचा दर्जा होता आणि परताव्यासाठी अंतरिम मान्यताही मिळाली होती. फ्रान्सखेरीज नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटलीतील निर्मातेही त्यात होते. २०२४ मध्ये कान महोत्सवाचा ग्राँप्री हा पुरस्कार मिळाल्यावर आपल्याकडे सर्वांनी तो आपला म्हटला. ऑस्करसाठी मात्र भारताने तो पाठवला नाही आणि फ्रान्सने आपल्या अंतिम यादीत घेऊनही शेवटी दुसराच चित्रपट निवडला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो प्रकार. दोन राष्ट्रीयत्वे असली म्हणजे दोन्ही दारे उघडतीलच असे धरून चालू नका.

उत्तर: सावध_पवित्रा

वरील दोन्ही उत्तरांत ‘निधी मिळाला तर’ हे गृहीत आहे. तो मिळाला नाही तर काय, हे तुमच्या दोन पानांत आहे का? मला सर्वांत खटकली ती १८ महिन्यांची अट. तिने पहिल्या फेरीत अर्ज केलाच नाही, किंवा केला आणि नाकारला गेला, तरी तुम्ही दीड वर्ष दुसऱ्या कोणाशी बोलू शकणार नाही. रापणीचा मोसम पावसाळ्यानंतरचा असतो आणि तो निधीच्या समितीसाठी थांबत नाही. मुदतीचे टप्पे पाडून घ्या: अमुक तारखेपर्यंत अर्ज, अमुक तारखेपर्यंत निकाल, निकाल प्रतिकूल आल्यास दोन्ही बाजू मोकळ्या आणि दिलेले सर्व हक्क आपोआप परत. वाटाही आणलेल्या रकमेच्या प्रमाणात ठेवा. ठरल्याच्या निम्मी रक्कम आली तर वाटाही निम्मा. कोणताही प्रामाणिक सहनिर्माता याला नाही म्हणणार नाही.

आणखी एक. तिच्या निधीवर सर्व भिस्त ठेवण्याऐवजी तुम्ही स्वतः काय मिळवू शकता ते पाहा. रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड संहिता आणि प्रकल्पविकासासाठी १०,००० युरो देतो आणि त्यासाठी युरोपीय सहनिर्माता आधी असावा लागत नाही; चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’लाही त्याचे साहाय्य होते. बर्लिन चित्रपट महोत्सवाचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून आहे; भारत त्याच्या पात्र देशांत आहे का, हे मात्र आधी तपासा. त्याला जर्मन भागीदार लागतो, पण चित्रीकरण जर्मनीत हवे किंवा जर्मन कलाकार हवेत अशी सक्ती नाही, त्यामुळे वरचे पॅरिसचे गणित तिथे बरेच बदलते. रक्कम लहान असली तरी ती घेऊन वाटाघाटीला बसलेल्या निर्मात्याशी समोरचा वेगळ्या सुरात बोलतो.

पुन्हा प्रश्नकर्ती: किनारपट्टी

सर्वांचे आभार. ताळेबंद यांनी मांडलेला हिशेब आम्ही आमच्या खऱ्या आकड्यांनी करून पाहिला आणि फरक जवळपास तसाच निघाला. आता अडले आहे ते हक्कांच्या वाटणीपाशी. युरोप तिला दिला आणि भारत आम्ही ठेवला, तर उरलेल्या जगाचे काय? चित्रपटाच्या अंतिम संकलनात तिचा शब्द किती असावा, हेही करारपत्रात नाही.

उत्तर: नेदरलँड्सहून

मी इथे निर्मितीच्या हिशेबाची कामे करतो, म्हणून हक्कांच्या बाजूने लिहितो. उरलेले जग सहसा सेल्स एजंटकडे (देशोदेशीचे हक्क विकणाऱ्या मध्यस्थाकडे) जाते आणि त्याच्या करारात एक गोष्ट मराठी निर्मात्यांच्या हमखास नजरेतून सुटते. उत्तर अमेरिका, ब्रिटन, आखाती देश येथील महाराष्ट्र मंडळांचे खेळ हे मराठी चित्रपटाचे हक्काचे उत्पन्न आहे. फार मोठे नसेल, पण ते लवकर आणि रोख येते. सेल्स एजंटला सरसकट ‘भारत वगळून संपूर्ण जग’ लिहून दिले, तर लंडनच्या मंडळाला एक खेळ लावायलाही तुम्हाला त्याची परवानगी मागावी लागेल. महोत्सवांचा फेरा आटोपल्यानंतर मंडळांचे आणि सामाजिक संस्थांचे खेळ लावण्याचा हक्क निर्मात्याकडे राहील, असे कलम आत्ताच, सहनिर्मितीच्या करारात घाला. एजंट येईल तेव्हा तो ते मान्य करूनच येईल.

युरोपही तिला पूर्ण देऊ नका. फ्रान्स तिचा असणे रास्त आहे, कारण तिथली वाहिनी किंवा वितरक ती आणणार. उद्या जर्मन भागीदार मिळाला तर त्याला द्यायला जर्मनी मोकळी हवी. सारा युरोप आधीच दिलेला असेल, तर तिसऱ्या भागीदाराला देण्याजोगे तुमच्या हाती काहीच उरत नाही.

अंतिम संकलन दिग्दर्शकाचे आणि मुख्य निर्माता म्हणून तुमचे, सहनिर्मातीला प्रत्येक टप्प्यावर पाहण्याचा आणि मत देण्याचा अधिकार, असे लिहिले की पुरेसे होते. फ्रान्समध्ये दिग्दर्शकाचा हक्क कायद्यानेच भक्कम आहे, त्यामुळे याला तिचा विरोध होईल असे वाटत नाही. तिच्या आधीच्या चित्रपटात परदेशी निर्माता असल्यास त्याला तिच्याच परवानगीने एक पत्र पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: हिशेबपत्रके वेळेवर येतात का? रॉटरडॅम लॅबसारख्या ठिकाणी तरुण निर्माते एकमेकांविषयी हेच विचारत असतात. त्यात कोणी अपमान मानत नाही.

राहिले पैशाचे येणे. तिच्या कंपनीकडून येणारा प्रत्येक हप्ता तुमच्या संस्थेच्या खात्यातच घ्या, वैयक्तिक खात्यात नको, आणि बँकेकडून परकीय रक्कम मिळाल्याचे प्रमाणपत्र प्रत्येक वेळी मागून घ्या. परदेशी तंत्रज्ञाला तुम्ही पैसे देणार असाल, तर कर कापावा लागतो का हे दोन देशांतील दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार पाहून सनदी लेखापालाकडून आधी लेखी घ्या. नाहीतर नंतर त्याचा कर तुमच्या खिशातून जातो. आणि तिचा ध्वनिमुद्रक स्वतःची यंत्रे घेऊन मालवणला येणार असेल, तर त्यांच्यासाठी एटीए कार्नेट (यंत्रे शुल्क न भरता तात्पुरती आणण्याचा परवाना) फ्रान्समधूनच काढून आणायला सांगा, म्हणजे विमानतळावर सीमाशुल्काच्या खिडकीपाशी पहिला दिवस जाणार नाही.