बॉइल घराणं : अस्सल बीज, की फुकटचं शेत?

पाटीपेन्सिल
सदानानांनी परवा बॉइल घराण्यावर लेख टाकला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रिचर्ड बॉइल, आयर्लंडातल्या कॉर्कचा पहिला अर्ल (म्हणजे बडा सरदार), दुसऱ्या बायकोपासून पोरं पंधरा. रॉबर्ट म्हणजे आपल्या अकरावीच्या रसायनातला बॉइल, रॉजर लढवय्या आणि नाटककार, कॅथरीन विदुषी, मेरीची रोजनिशी अजून अभ्यासली जाते. आणि निष्कर्ष काय, तर "बीज अस्सल असलं की पीक येतंच". तिथंच दोन ओळी लिहायला बसलो, हात आवरेना, म्हणून हा धागा.

नाना, बीज राहू द्या, शेत कुणाचं होतं ते सांगा. रिचर्ड मूळचा इंग्लंडातल्या कँटरबरीचा. १५८८ मध्ये डब्लिनला उतरला तेव्हा जवळ २७ पौंड, एक हिऱ्याची अंगठी आणि सोन्याचं कडं. चिकटला कुठं? तर बेवारस ठरलेल्या जमिनी सरकारजमा करणाऱ्या खात्यात. जुन्या मालकांच्या कागदात खोट काढायची, जमीन सरकारच्या घशात, आणि तिथून ती स्वस्तात आपल्या नाहीतर आपल्या माणसांच्या नावावर. तलाठीच जमीनदार झाला म्हणा ना. १६०२ मध्ये इंग्रज दरबारी वॉल्टर रॅलेची आयर्लंडातली ४२,००० एकर १,५०० पौंडांत घेतली. पौंडाला २८ एकर! लिस्मोरचा किल्ला त्यातच आला. पुढं रॉबर्टनं हवेचा पंप बनवून घेतला, हूकसारखा शास्त्रज्ञ पदरी ठेवला, तो पैसा काय आकाशातून पडला?

सदानाना
लेख पूर्ण वाचून लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. पैसा होता हे मीही लिहिलंय. पण पैसा तेव्हाच्या प्रत्येक अर्लकडे होता. त्यांची पोरं शिकार आणि जुगारात गेली, त्यातल्या एकानं तरी नळीत पारा ओतून दाब आणि आकारमानाचा हिशोब मांडला का? १६६२ चा नियम भाडेपट्ट्यातून उगवत नाही. हल्ली कुणाचंही कौतुक केलं की लगेच त्याच्या आज्याचा सातबारा काढायचा, ही एक फॅशनच झाली आहे.

मुक्काम_डब्लिन
नाना, शिकारीचं खरं. पण हे घराणं कौतुकाला किती हपापलेलं होतं ते इथल्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये येऊन बघा. थोरल्या बॉइलनं बायको कॅथरीन फेंटन हिच्या नावानं मजल्यावर मजले चढवलेलं स्मारक बांधलं. वर बायकोचे बापआजे, मधे हा स्वतः तिच्याशेजारी आडवा, खाली गुडघे टेकलेली पोरं. सगळ्यात खाली मधोमध एक एवढंसं पोरगं, तोच रॉबर्ट असं म्हणतात. आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, हा का शिक्षा केल्यासारखा बसलाय?" मूळ जागा वेदीकडच्या बाजूला होती. लॉर्ड डेप्युटी, म्हणजे राजाचा आयर्लंडातला कारभारी, वेंटवर्थनं ते तिथून हलवायला लावलं. त्याच वेंटवर्थनं योघलच्या चर्चच्या जमिनी दाबल्याबद्दल १५,००० पौंड दंडही वसूल केला. तेव्हा पाटीपेन्सिल यांचं शेताचं म्हणणं अगदीच हवेत नाही.

मायाक्का
अवांतर होईल, होऊ दे. नानांच्या लेखात रॉबर्टला चार परिच्छेद आणि कॅथरीनला एक शब्द, "विदुषी". अहो, १६६८ पासून मरेपर्यंत रॉबर्ट राहिला कुणाच्या घरी? लंडनला पॅल मॅलमध्ये, या बहिणीच्या! घर तिचं, बैठक तिची. १६९१ च्या डिसेंबरात ती गेली आणि आठवड्याभरात हा गेला. मेरीनं बापानं ठरवलेलं स्थळ नाकारलं आणि १६४१ मध्ये स्वतः निवडलेल्या, एका अर्लच्या धाकट्या मुलाशी लग्न केलं, तेही नाही लिहिलंत. जोन या आणखी एका मुलीसाठी तर बापानं किल्डेअरच्या अल्पवयीन अर्लचं पालकत्व पैसे मोजून घेतलं आणि मग तोच जावई केला!

आमच्या माहेरी वंशावळीची फ्रेम आहे. वडाचं झाड, पानापानावर नाव, अकरा पिढ्या. एकही बाई नाही. आत्या फ्रेमसमोर चष्मा वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मी कुठल्या पानावर रे?" बाबा म्हणाले, "तू सासरच्या झाडावर." सासरी झाडच नव्हतं.

रोखठोक
झालं, आयर्लंड सुटलं आणि माहेर आलं. ताई, उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. लिस्मोर आज डेव्हनशरच्या ड्यूककडे आहे ते मुलीमुळेच. याच घराण्यातल्या, बर्लिंग्टनच्या तिसऱ्या अर्लला मुलगा नव्हता, सगळं त्याच्या मुलीला, शार्लट बॉइलला मिळालं. मग अन्याय कुठं झाला? आमच्या बहिणींनी हसत हसत हक्कसोड केलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

मायाक्का
शार्लटचं लग्न १७४८ चं. बाप १७५३ च्या डिसेंबरात गेला. ती १७५४ मध्ये देवीनं गेली, वय २३. वर्षभर नावाला मालकीण, पुढं सगळं नवऱ्याच्या घराण्याचं, कॅव्हेंडिशांचं, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांचं. आणि कॉर्कचा किताब? तो तिला नाहीच, तो रॉजरच्या, म्हणजे ऑररीच्या शाखेतल्या पुरुषाकडे. जमीन तिच्यावरून वाहत गेली, एवढंच.

हसत हसत म्हणालात ना, सहीच्या दिवशी साडी कुणी घेतली होती? आमच्याकडे प्रत्येकीला एक पैठणी आणि मग अंगठा. माझी अजून घडी मोडलेली नाही.

रोखठोक
वैयक्तिक होऊ नका. आईच्या आजारपणात कोण होतं ते मला माहीत आहे.

पाटीपेन्सिल
दोघांनीही थांबा. माझा धागा जमिनीवर होता, साडीवर नाही. (खरं तर दोन्ही एकच, पण आता नको.)

कुलाबा_दांडी
एक भर घालतो. रॉबर्ट १६६९ पासून काही वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारी समितीवर होता. १६६८ ला राजानं मुंबई कंपनीच्या हवाली केली होती. म्हणजे आपलं बेटही या घराण्याच्या टेबलावरून गेलंय. नाना, हे पीक कुठल्या बियाण्याचं?

सदानाना
बरं. सगळे एकदम आलात. दंड आणि ईस्ट इंडिया कंपनी लेखात घालतो, कॅथरीनला स्वतंत्र परिच्छेद देतो, घर तिचं होतं हेही लिहितो. "अस्सल बीज" मात्र काढणार नाही, एका घरात अशी चार माणसं निघणं हा मला अजूनही योगायोग वाटत नाही. पाटीपेन्सिल, तुमच्या घरी ४२,००० एकर असते तर तुम्ही काय शोधलं असतंत?

पाटीपेन्सिल
वकील.

मायाक्का
नाना, परिच्छेद लिहाल तेव्हा तिला "रॉबर्टची बहीण" म्हणून सुरुवात करू नका, एवढंच.

नवखा_वाचक
बॉइल की बॉयल? आमच्या सरांनी बॉयल शिकवलं होतं.